फत्तेदादाचं कामांचं कपाट

फत्तेसिंग वळवी पुस्तकं फारशी वाचत नसे, पण पुस्तकांच्या कडा त्याला बरोबर वाचता येत. अक्कलकुव्याच्या कॉलेजात तो सव्वीस वर्षं ग्रंथालय परिचर होता. सकाळी कुलूप काढायचं, टेबलं पुसायची, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची, फाटलेल्यांना खाकी कव्हर घालायचं, हे त्याचं काम. स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं हातात आली की तो ती आडवी धरून कडेकडे बघे. पहिली तीस-चाळीस पानं बोटांनी काळी पडलेली असत आणि पुढची सगळी पांढरीशुभ्र. दर वर्षी नवी मुलं तेच पुस्तक नेत आणि दर वर्षी तिथेच कुठेतरी थांबत.

त्याला त्याचं नवल वाटत नसे, कारण तोही एकदा तिथेच थांबला होता. मोलगीच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. पाड्यातला पहिला बी.ए. तोच. त्या काळी शिकलेल्या पोरानं मास्तर व्हायचं नाहीतर पोलिसात जायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. फत्तेसिंग तीनदा पोलीस भरतीला गेला आणि तिन्ही वेळा छातीत दीड सेंटिमीटर कमी पडला. चौथ्या वर्षी कॉलेजात परिचराची जागा निघाली, ती मिळाली आणि तो तिथेच रमला. फक्त एक गोष्ट त्याच्या मनात राहून गेली होती. पोलीस आणि मास्तर सोडून जगात आणखी कोणकोणती कामं आहेत, हे त्याला वेळेवर कुणी सांगितलंच नव्हतं.

कॉलेजला अकरावी-बारावीचे वर्गही जोडलेले होते. बारावी सायन्सला सीमा वसावे नावाची एक मुलगी होती. मणिबेलीची. नर्मदेच्या काठावरचं ते गाव बरंचसं धरणाच्या पाण्याखाली गेलेलं; उरलेल्या घरांपर्यंत बोटीनेच जावं लागतं. सीमा कॉलेजजवळच्या वसतिगृहात राहायची आणि संध्याकाळी पाच वाजेपर्यंत वाचनालयातून हलायची नाही. एका दुपारी पुस्तक मागायची चिठ्ठी हातात घेऊन ती खिडकीशी आली, पण चिठ्ठीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"दादा, दवाखान्यात रक्त तपासणारे लोक असतात ना, ते दिवसभर काय करतात? त्याचं पुस्तक आहे का?"

फत्तेसिंग आत जाऊन शोधून आला. रक्तावरचं पुस्तक होतं, शरीराचं होतं, परीक्षांची तर कपाटंच्या कपाटं होती. पण रक्त तपासणारा माणूस सकाळी येऊन पहिलं काय करतो, त्याला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, तो तिथवर कसा पोचला, हे सांगणारं एकही पुस्तक नव्हतं. त्याने तिला सांगितलं की मला माहीत नाही, पण विचारून येतो.

दोन दिवसांनी अर्धी रजा टाकून तो सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या प्रयोगशाळेत ईश्वर पाटील नावाचा तंत्रज्ञ होता, शहाद्याकडच्या कळसाडीचा. घरी कापूस आणि ऊस, पण हा शिकून नोकरीसाठी इकडे आलेला. कॉलेजचा माणूस आपलं काम बघायला आलाय म्हटल्यावर ईश्वरने त्याला स्टूल दिलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं दाखवलं. निघताना अहिराणीत म्हणाला, "रगत काढानं सोपं शे भाऊ. पन बाटलीवर नाव बराबर लिखानं, तठेच मानूस चुकस."

फत्तेसिंगने ते वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं. घरी येऊन दोन फुलस्केप कागद भरून लिहिलं: काम काय, दिवस कसा जातो, कोणता कोर्स, तो कुठे, बारावीला कोणते विषय लागतात, कोणकोणती कागदपत्रं. सीमाने ते कागद उभ्याउभ्या दोनदा वाचले. मग तिच्या मैत्रिणीने वाचले. आठवड्याभरात एक मुलगा येऊन विचारू लागला की विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनवर असा कागद आहे का.

असं ते सुरू झालं. फत्तेसिंग सुट्टीच्या दिवशी कुणा ना कुणाच्या कामावर जाऊन बसू लागला. लाइनमन, जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर, कोर्टातला लघुलेखक, जमीन मोजणारा, नर्सबाई, हायवेवरच्या ट्रकांची इंजिनं उघडणारा मिस्त्री. लोक आधी संशयाने बघत आणि मग बोलायला लागले की थांबत नसत. आपल्या कामाबद्दल इतकं कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. काहीजण तर शनिवारी वाचनालयात येऊन मुलांसमोर बसू लागले. डोंगरातली मुलं मराठीत प्रश्न विचारायला बुजत, तेव्हा फत्तेसिंग त्यांचा प्रश्न बोलीतून ऐकून घेई आणि मराठीत पुढे ढकली.

ग्रंथपाल होत्या चांदनी मॅडम. बाजारातल्या रतनलाल शेठ यांची मुलगी. घरच्या कापडाच्या दुकानात न बसता ग्रंथालयशास्त्र शिकून आलेली. वयाने फत्तेसिंगहून वीस वर्षांनी लहान, पण कामात काटेकोर. त्यांनी जुनी बांधीव राजपत्रं हलवून त्याला एक कपाट मोकळं करून दिलं, प्रत्येक कागदाला फाइल आणि फाइलीला क्रमांक दिला. एक गोष्ट मात्र त्या वारंवार सांगत: "भाऊ, प्रत्येक कागदाखाली तारीख टाकत जा. आणि कुणी सांगितलं ते नाव."

फत्तेसिंग मान डोलावी आणि विसरून जाई. खरं तर विसरत नसे. त्याला ते पटत नसे. तारीख टाकली की कागद शिळा दिसतो, पोरं हात लावणार नाहीत, असं त्याचं मत होतं.

सीमा बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. तंत्रज्ञाच्या पदविकेसाठी तिने नाशिकच्या एका संस्थेत अर्ज केला आणि यादीत नाव लागलं. निघायच्या आधी ती वाचनालयात येऊन त्या फाइलीतली कागदपत्रांची यादी उतरवून घेऊन गेली. त्या यादीत एक ओळ होती: जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर अर्जाची पावती चालते.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. फत्तेसिंगला वाटलं, लागली शिकायला. त्या पावसाळ्यात अकरावीची नवी मुलं आली, तेव्हा कपाट दाखवताना तो त्यांना सांगे की मणिबेलीची एक मुलगी ह्याच कागदावरून नाशिकला गेली. सांगताना त्याचा आवाज थोडा चढत असे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुनिता नावाची सीमाची मैत्रीण एक पुस्तक परत करायला आली. पुस्तक सीमाच्या नावावर होतं. फत्तेसिंगने हसून विचारलं, काय म्हणते नाशिक?

सुनिता म्हणाली, "ती घरीच आहे दादा. जुलैपासून. पावती चालत नाही म्हणाले तिथे."

फत्तेसिंगने पुस्तकावर परत आल्याचा शिक्का मारला, रजिस्टरात सही घेतली आणि सुनिता गेल्यावर ती फाइल काढली. ती ओळ त्याच्याच अक्षरात होती. कुठून आली ते त्याला आठवलं. आदल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एका मुलाने सांगितलं होतं, आणि त्या मुलाचं त्या वर्षी खरोखरच पावतीवर काम झालं होतं. सवलत तेवढ्या वर्षापुरती होती. कागदाखाली ना तारीख होती, ना त्या मुलाचं नाव.

तो फाइल घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेला आणि उभा राहूनच सगळं सांगितलं. मी बोलले होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हा कागद आणखी किती जणांनी वाचला असेल?" ते सांगता येत नव्हतं, कारण त्या फाइली कुणाच्या नावावर जातच नसत. मग दोघांनी चार दिवस मुलांना विचारून शोध घेतला. आणखी दोघांनी ती यादी वापरली होती, पण त्यांच्याकडे वैधता आधीच होती. नुकसान एकटीचंच झालं होतं.

पुढच्या शनिवारी फत्तेसिंग मणिबेलीला निघाला. मोलगीपर्यंत जीप, पुढे घाटातून दुसरी जीप आणि काठावरून बोट. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले होते आणि नावाडी त्यांना वळसे घालत, खाली कुणाचं शेत, कुणाचं अंगण ते सांगत होता. फत्तेसिंग ऐकत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. घरात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच तो वाटभर जुळवत होता.

सीमाचं घर टेकडीवर. बाप रामसिंग जाळं दुरुस्त करत बसला होता आणि आई दिवलीबाई दाणे पाखडत होती. सीमा पाणी घेऊन आली आणि त्याला बघून दारातच थांबली. फत्तेसिंगने पाणी घेतलं, पण प्यायच्या आधीच सांगून टाकलं की कागदावर चुकीचं मी लिहिलं होतं, विचारपूस न करता लिहिलं होतं, तेच सांगायला आलोय.

मग रामसिंगने जाळ्यावरची नजर न काढता म्हटलं, "कागद चुकतो भाऊ. आमच्या वरच्या शेतापर्यंत पाणी येणार नाही, असंही कुणीतरी एकदा कागदावर लिहून आणलं होतं. पण चुकलो म्हणून सांगायला बोटीत बसून कुणी आलं नव्हतं."

सीमा मात्र इतक्यात मोकळी होणार नव्हती. कॉलेजात ती त्याच्याशी मराठीत, अहोजाहो बोलायची. इथे घरच्या बोलीत बोलली. "तिथल्या खिडकीवरच्या माणसाचा राग नाही आला दादा. आदल्या दिवशी फोन करून विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पण कागद तुझा होता, म्हणून नाही विचारलं."

दिवलीबाईने भाकरी आणि उडदाची डाळ वाढली, सगळे जेवले, आणि जेवताना हळूहळू पुढचं बोलणं निघालं. वैधतेचा अर्ज अजून पडून होता. जुना पुरावा हवा होता. सीमाचा आजोबा शाळेत गेलेला नव्हता, जुनी कागदपत्रं घर हलवताना भिजून गेली होती. फत्तेसिंगने विचारलं, बापाकडच्या नात्यात कुणाला वैधता मिळालीय का? सख्ख्या चुलत्याच्या घरात असली तरी मोठा आधार होतो.

रामसिंग उठला आणि बोट नीट बांधलीय का ते बघतो म्हणून बाहेर गेला.

दिवलीबाईने आवाज न चढवता सांगितलं की ह्यांचा धाकटा भाऊ जालमसिंग तळोद्याकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत असतो. त्याचा मुलगा दिनेश वनखात्यात लागलाय, त्याच्याकडे वैधता असणारच. पण गाव उठायची वेळ आली तेव्हा जालमसिंगने वसाहतीतली जमीन घेतली आणि रामसिंग काठावरच राहिला. रामसिंगला वाटलं धाकट्याने साथ सोडली, जालमसिंगला वाटलं थोरल्याने लेकरांचा विचार केला नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. लग्नाकार्यात समोरासमोर येत, पण एकमेकांच्या घरात पाय टाकला नव्हता.

फत्तेसिंगने आग्रह केला नाही. मी जाऊन मागतो, असंही तो म्हणाला नाही; दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत आपण कुठवर शिरावं हे त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने तो परत आला आणि सोमवारी पहिल्या फाइलीपासून सुरुवात करून कागद तपासायला बसला.

दहा-बारा दिवसांनी दुपारी वाचनालयाच्या दारात रामसिंग उभा होता. मागे सीमा. चपला बाहेर काढून तो आत आला, कपाटांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तळोद्याची गाडी किती वाजता आहे?"

मॅडमने फत्तेसिंगला अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि तिघं एसटीने निघाले.

वसाहतीत घरं एका ओळीत होती, दारापर्यंत रस्ता, पलीकडे कापसाची शेतं. जालमसिंग वेचणीवर होता. त्याने लांबूनच भावाला ओळखलं, पण तो घाईने आला नाही. कमरेच्या ओटीतला कापूस खाली ओतला, हौदावर हातपाय धुतले, मग आला. दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. दोघांचेही केस पांढरे झाले होते.

"बोटीने आलास की डोंगरातून?" जालमसिंगने विचारलं.

"बोटीने. मग गाडीने," रामसिंग म्हणाला.

सीमानेच कामाचं सांगितलं. जालमसिंगने आतून पत्र्याची पेटी आणली, दिनेशच्या प्रमाणपत्राची प्रत काढली आणि अर्जाला जोडलेले बाकीचे कागदही काढले. त्यात वंशावळ होती, म्हणजे पणजोबापासून घराण्यातल्या सगळ्यांची नावं ओळीने लिहिलेली. ती त्यानेच चार वर्षांपूर्वी सांगून लिहून घेतली होती. रामसिंगला वाचता येत नव्हतं. सीमा मोठ्याने वाचू लागली. पणजोबा, आजोबा, मग दोन फांद्या. पहिली रामसिंगची. रामसिंग, पत्नी दिवलीबाई, मुलगी सीमा.

"माझं नाव?" सीमा थांबून म्हणाली.

"तूही घरातलीच ना," जालमसिंग म्हणाला. "लिहायचं राहिलं असतं तर कागद खोटा झाला असता."

रामसिंगने तो कागद मागून घेतला आणि आपलं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. सीमाने दाखवलं. तो बराच वेळ त्या जागेवर अंगठा ठेवून बसला. त्या दिवशी तो परत निघाला नाही. फत्तेसिंग आणि सीमा शेवटच्या गाडीने अक्कलकुव्याला आले.

नंदुरबारच्या जात पडताळणी समितीच्या कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. एका फेरीला जालमसिंग स्वतः आला. वैधता एप्रिलमध्ये हातात पडली. मधले चार महिने सीमा घरी बसली नाही. चांदनी मॅडमने वसतिगृहात बोलून तिची राहायची सोय केली आणि कपाट तिच्या हवाली केलं. तोवर त्यात एकेचाळीस फाइली झाल्या होत्या. सीमाने एकेक कागद घेतला आणि त्यातली प्रत्येक ओळ पुन्हा विचारून पाहिली. कुठे फोन, कुठे संस्थेच्या संकेतस्थळावरचं चालू वर्षाचं माहितीपत्रक, कुठे प्रत्यक्ष जाऊन. सहा ठिकाणी चुका निघाल्या. जमीन मोजणाऱ्याच्या कागदावर वयाची अट जुनी होती; नर्सिंगच्या कागदावर कोर्सचं नावच बदललेलं. मग मॅडमनी आणि तिने बसून एक पद्धत ठरवली. प्रत्येक कागदाखाली चार ओळी: कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, पुन्हा कुठे विचारायचं, आणि पुढची तपासणी कधी. फत्तेसिंगने त्या चार ओळींची चौकट जाड पेनाने आखली आणि एकेचाळीस वेळा आखली.

तिला नाशिकला नाही, धुळ्याला प्रवेश मिळाला. एक वर्ष उशिराने. ते वर्ष गेलं ते गेलं, असं फत्तेसिंग स्वतःशी म्हणे. चांगलं निघालं म्हणून आपली चूक लहान झाली, असं त्याने मानलं नाही. सीमा जायला निघाली तेव्हा त्याने तिला काही दिलं नाही, फक्त एसटी स्टँडपर्यंत तिची पेटी नेली. खिडकीशी बसल्यावर ती म्हणाली की तिथली कागदपत्रांची यादी तिने तीन जणांना विचारलीय. तो म्हणाला, बरं केलंस.

आता सीमा दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी माणसं येतात, कधी येत नाहीत. बरीच मुलं अजूनही पोलीस भरतीचंच पुस्तक मागतात आणि फत्तेसिंग देतो. दोघं-तिघं कपाट उघडून बघतात आणि तसंच बंद करतात. मॅडमचं म्हणणं हे सगळं संगणकावर घ्यावं, आणि तेही सुरू झालंय. फत्तेसिंगच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत.

मागच्या जूनमध्ये धडगावकडची एक बाई, तापीबाई, आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला लघुलेखनाचं शिकायचं होतं. फत्तेसिंगने फाइल काढून दिली, मुलीने ती वाचली, वहीत उतरवून घेतली आणि दोघी उठल्या. तेव्हा तो म्हणाला, "आता बाहेर जाऊन हेच आणखी एकाला विचार. मग मला येऊन सांग." तापीबाईला ते विचित्र वाटलं. कॉलेजातलं माणूस सांगतंय, तर वर पुन्हा कुणाला विचारायचं? पण मुलगी तिला घेऊन गेली.

साडेचारला दोघी परत आल्या. बाकी सगळं बरोबर होतं, पण क्लास आता सकाळचा नसून दुपारचा झाला होता. फत्तेसिंगने जुनी वेळ रेघ मारून खोडली, नवी लिहिली, मुलीला तिचं नाव विचारलं आणि ते तारखेसह चौकटीत लिहिलं. मग खिडक्या लावायला उठला.